तलवार-जादूच्या सिनेमांच्या कादंबऱ्या: वाचायला सुरुवात कुठून करावी

१९८८ च्या 'विलो' या सिनेमात एक तलाव आहे. फिन रॅझिएल नावाची जादूगारीण शापामुळे प्राण्याच्या रूपात त्यातल्या बेटावर अडकून पडली आहे, आणि छोट्या चणीचा नायक विलो होडी वल्हवत तिच्याकडे जातो. सिनेमात हा भाग झटक्यात उरकतो. याच सिनेमाची कादंबरी वेलंड ड्रू यांनी लिहिली. तिच्यात मात्र त्या बेटाजवळच्या पाण्यात एक अजस्र जलचर आहे आणि विलोची त्याच्याशी गाठ पडते. हा प्रसंग ड्रूंच्या पदरचा नाही. तो चित्रित झाला होता, पण संकलनात गळला. पडद्यावरून गेला आणि पुस्तकात राहिला.

ही पुस्तकं मी वाचतो ती बरीचशी याचसाठी. सिनेमा गाजला की त्याच्या नावावर खपणारा माल, असं समजून पुष्कळ चांगले वाचक त्यांना हातही लावत नाहीत. पण सिनेमाची कादंबरी सहसा सिनेमा बघून लिहिलेली नसते. लेखकाच्या हाती पटकथेची प्रत येते, जोडीला फार तर काही छायाचित्रं. मुदत काही आठवड्यांची, कारण सिनेमा लागायच्या सुमारास पुस्तक दुकानात हवं असतं. म्हणून त्या पुस्तकात एक असा सिनेमा जपलेला असतो जो अजून कापला गेलेला नाही. आपण जो पाहिला त्याचा हा जुळा भाऊ, चेहरा तोच पण स्वभाव थोडा वेगळा.

आपल्याकडे कादंबरीवरून सिनेमा ही मळलेली वाट. 'नटरंग' आधी आनंद यादवांची कादंबरी होती, 'शाळा' मिलिंद बोकिलांची. उलटा प्रवास, म्हणजे आधी पटकथा आणि तिच्यावरून कादंबरी, आपल्या वाचनात क्वचितच येतो. इंग्रजीत त्याला नॉव्हेलायझेशन म्हणतात आणि तिथे ही परंपरा मूकपटांच्या काळापासून आहे. 'किंग काँग'ची कादंबरी १९३२ च्या डिसेंबरात आली, सिनेमा लागला १९३३ मध्ये. या लेखात मी फक्त तलवार-जादूच्या सिनेमांपुरतं बोलणार आहे. 'स्वोर्ड अँड सॉर्सरी' हे नाव फ्रिट्झ लायबर यांनी १९६१ मध्ये सुचवलं. एकटादुकटा तलवारबहाद्दर, समोर काळी विद्या, आणि जगाच्या उद्धारापेक्षा स्वतःचा जीव, सूड किंवा लूट महत्त्वाची, असा हा ढंग. १९८१ ते १९८८ या काळात असे सिनेमे एकामागून एक आले आणि बहुतेकांच्या पाठोपाठ पेपरबॅकही आली. नवख्याने याच आठ वर्षांतून शिरावं.

पहिली पायरी: हातातलं पुस्तक नेमकं काय आहे ते ओळखा

मुखपृष्ठावर सिनेमाचं पोस्टर आहे म्हणजे ते पुस्तक सिनेमावरून लिहिलंय असं नव्हे. प्रकाशक जुन्या कादंबरीलाही सिनेमाच्या वेळी नवं पोस्टर चढवतात. 'द प्रिन्सेस ब्राइड' ही विल्यम गोल्डमन यांची १९७३ ची स्वतंत्र कादंबरी, सिनेमा १९८७ चा. 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' हे मिखाएल एंडे यांचं १९७९ चं जर्मन पुस्तक, आणि १९८४ च्या सिनेमात त्याचा साधारण पूर्वार्धच आला. दोन्ही वाचाच, पण ती आपल्या आजच्या विषयात बसत नाहीत.

सगळ्यात फसवं उदाहरण 'द बीस्टमास्टर'चं. १९८२ च्या या सिनेमात प्राण्यांशी मनाने बोलणारा रानटी योद्धा आहे. याच नावाची आंद्रे नॉर्टन यांची १९५९ ची कादंबरी उघडलीत तर ती भविष्यकाळात, परग्रहावर घडते आणि तिचा नायक नवाहो या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीचा माजी सैनिक आहे. सिनेमाने तिच्यातून प्राण्यांशी जुळलेल्या मनाची कल्पना तेवढी उचलली. सिनेमातला योद्धा डार शोधत कुणी ही कादंबरी मागवली तर त्याची निराशा ठरलेली.

ओळखायचं कसं? मुखपृष्ठ सोडा आणि आतलं शीर्षकपान आणि त्यामागचं हक्कांचं पान वाचा. 'अमुक यांच्या पटकथेवर आधारित' असा मजकूर असेल आणि हक्क सिनेमा कंपनीच्या नावे असतील तर ते नॉव्हेलायझेशन. पहिल्या आवृत्तीचं साल सिनेमाच्या सालाशी जुळतंय का तेही पाहा. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून या पानाचा फोटो मागवायला संकोच करू नका. शंका उरलीच तर इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस या मोफत सूचीत लेखकाचं नाव टाका. आवृत्त्या, प्रकाशक, मुखपृष्ठं सगळं सापडतं.

आणखी एक सांभाळा. एकाच सिनेमाची तीन-चार पुस्तकं निघतात: पूर्ण कादंबरी, मुलांसाठी छोटी आवृत्ती, चित्रांचं गोष्टीचं पुस्तक आणि मार्व्हलचं कॉमिक. आपल्याला पहिली हवी. पानं दीडशेच्या आत आणि अक्षरं मोठी असतील तर ती बहुधा मुलांची आवृत्ती असते.

दुसरी पायरी: पहिलं पुस्तक निवडा

माझं उत्तर ठाम आहे. वेलंड ड्रू यांच्यापासून सुरुवात करा. 'ड्रॅगनस्लेअर' (१९८१) किंवा 'विलो' (१९८८), दोन्हींपैकी जो सिनेमा तुम्हाला अधिक आवडला त्याचं.

ड्रू कॅनडातल्या ऑन्टारियोचे, पेशाने शाळाशिक्षक. निसर्ग आणि माणसाने त्याची केलेली नासाडी हा त्यांच्या स्वतःच्या कादंबऱ्यांचा विषय होता. १९७३ ची 'द वाबेनो फीस्ट' त्यासाठीच ओळखली जाते. असा माणूस ड्रॅगनची गोष्ट लिहायला बसतो तेव्हा ड्रॅगन नुसता मारायचा राक्षस उरत नाही. 'ड्रॅगनस्लेअर' सिनेमातही एक विलक्षण क्षण आहे. गुहेतली आपली पिल्लं मेलेली पाहून व्हर्मिथ्रॅक्स ही ड्रॅगन मादी त्यांना नाकाने हलवून बघते. तिथे संवाद नाही, दृश्य काही सेकंदांचं. या जागी पोचलात की वाचनाचा वेग कमी करा आणि लेखक तुम्हाला कुणाच्या बाजूने उभं करतो ते बघा. राजा, राजकन्या एल्सपेथ आणि तरुण शिकाऊ जादूगार गेलन यांची पूर्वपीठिकाही पुस्तकात सिनेमापेक्षा खोलवर येते. मुलींची चिठ्ठी काढून ड्रॅगनला बळी द्यायचा, आणि आपल्या मुलीची चिठ्ठी मात्र राजाने कधी मडक्यात पडू द्यायची नाही, ही गोष्ट कागदावर जास्त जिव्हारी लागते, कारण इथे पुढच्या दृश्याची घाई नसते.

ड्रूनंतर ॲलन डीन फॉस्टर. या क्षेत्रात त्यांच्याइतकं काम फार थोड्यांनी केलं आहे. 'स्टार वॉर्स'ची पहिली कादंबरी त्यांनीच लिहिली, पण १९७६ मध्ये ती जॉर्ज लुकास यांच्या नावाने छापली गेली. तलवार-जादूत त्यांची दोन पुस्तकं घ्या: 'क्लॅश ऑफ द टायटन्स' (१९८१) आणि 'क्रल' (१९८३). 'क्रल' हा सिनेमा कथेच्या बाजूने लंगडा आहे हे मला मान्य आहे, तरी त्यातल्या कल्पना श्रीमंत आहेत. रोज पहाटे जागा बदलणारा काळा किल्ला आहे. भविष्य दिसावं म्हणून राक्षसाला एक डोळा देऊन बसलेली आणि बदल्यात फक्त स्वतःच्या मरणाची घडी कळलेली एकाक्षांची जमात आहे. सिनेमात ही दंतकथा चार वाक्यांत सांगून होते. मरणाची वेळ ठाऊक असलेला माणूस मित्रांसोबत चालतो तेव्हा त्याच्या मनात काय चालत असेल, हे धरायला गद्यच हवं. फॉस्टर अनोळखी प्रदेश आणि प्राणी एखाद्या भटक्या निसर्गअभ्यासकाच्या कुतूहलाने बघतात. त्यांचं इंग्रजी सरळ, म्हणून नवख्याला सोयीचं.

'लेडीहॉक' (१९८५) ची कादंबरी जोन डी. विंज यांची. विंज यांना 'द स्नो क्वीन' या कादंबरीसाठी विज्ञानकथा-फॅन्टसीतला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळालेला होता, म्हणजे हे काम फक्त पडेल ते लिहिणारेच करत असत हा समज इथे गळून पडतो. दिवसा ती ससाणा, रात्री तो लांडगा, माणूस म्हणून दोघांची भेट नाही. यात मनाच्या आत शिरायला केवढी जागा आहे! वाचताना एक प्रश्न जवळ ठेवा: लेखिका कुणाच्या डोळ्यांनी बघतेय, शापित जोडप्याच्या की त्यांच्यात अडकलेल्या भुरट्या चोराच्या?

जिम हेन्सन यांच्या 'द डार्क क्रिस्टल' (१९८२) आणि 'लॅबिरिंथ' (१९८६) या दोन्हींच्या कादंबऱ्या ए. सी. एच. स्मिथ यांच्या. तलवार त्यांत कमी, जादू जास्त, तरी मी त्या सुचवतो, कारण २०१४ मध्ये दोन्ही ब्रायन फ्राउड यांच्या चित्रांसह पुन्हा छापल्या गेल्या. जुनी पेपरबॅक शोधत बसायची नसेल तर नव्याने मिळण्याजोगी हीच वाट.

तिसरी पायरी: पुस्तक मिळवा आणि जपा

यांतली बहुतेक पुस्तकं एकदाच छापली गेली. हक्क सिनेमा कंपनीकडे, लेखकाला आपणहून दुसऱ्या प्रकाशकाकडे जाता येत नाही, त्यामुळे पुनर्मुद्रण नाही. म्हणजे जुनी प्रतच शोधावी लागते.

मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ आणि फ्लोरा फाउंटनच्या परिसरात पदपथावर जुनी इंग्रजी पुस्तकं विकणारे बसतात. तिथे नाव विचारून उपयोग होत नाही. विक्रेत्याला 'सिनेमावाली जुनी फॅन्टसी' म्हणा आणि ढीग स्वतः उपसा. पुस्तकांच्या पाठींवर डेल रे, बॅन्टम, टॉर ही प्रकाशकांची नावं शोधा. डेल रे हा जूडी-लिन आणि लेस्टर डेल रे या दांपत्याने १९७७ मध्ये बॅलन्टाइनमध्ये सुरू केलेला प्रकाशन विभाग, आणि ड्रूंची दोन्ही पुस्तकं त्याचीच. परदेशी राहणाऱ्यांना हे सोपं आहे. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ही पुस्तकं अजून स्वस्तात मिळतात. कुणी नातेवाईक येणार असेल तर चकल्या-चिवड्याच्या बदल्यात एवढी एक पेपरबॅक मागायला हरकत नाही. इंटरनेट आर्काइव्हवर काही पुस्तकं ठरावीक मुदतीसाठी उसनी मिळतात, तिथेही बघा.

जुन्या पेपरबॅकचा डिंक वाळून ठिसूळ झालेला असतो. पुस्तक सपाट उघडलंत तर पाठ मोडते आणि पानं गठ्ठ्याने सुटतात. माझी 'विलो'ची पहिली प्रत अशीच मोडली, त्यानंतर मी कुठलंही पुस्तक नव्वद अंशांपलीकडे उघडलं नाही. मध्यभागी सिनेमाच्या फोटोंची गुळगुळीत पानं असतील तर ती आधी मोजून घ्या. रसिक लोक तीच काढून घेतात. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात पुस्तक बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. या स्वस्त कागदाला बुरशी फार पटकन धरते.

चौथी पायरी: वाचायचं कसं

आधी सिनेमा, मग दोन-तीन आठवड्यांची फट, मग पुस्तक. लगेच वाचलंत तर नुसती ताडून बघण्याची परीक्षा होते. फार उशिरा वाचलंत तर काय वेगळं आहे ते लक्षात येत नाही.

पेन्सिल घ्या आणि तीनच खुणा करा. सिनेमात नसलेला प्रसंग, बदललेला संवाद, आणि एखाद्या पात्राच्या मनातलं असं काही जे कॅमेऱ्याला दिसूच शकत नव्हतं. पहिल्या दोन खुणा बहुधा पटकथेच्या जुन्या मसुद्यातून येतात, तिसरी लेखकाची स्वतःची. पुस्तक संपल्यावर तिसऱ्या प्रकारच्या खुणा किती आहेत त्यावरून लेखकाने जीव ओतला होता की नुसतं काम उरकलं होतं, ते उघड दिसतं. एखादं पुस्तक नुसतं संवाद आणि 'तो धावला, तिने पाहिलं' एवढंच देत असेल तर पन्नास पानांवर खुशाल सोडून द्या. अशीही पुष्कळ आहेत.

भाषेची भीती असेल तर शस्त्रांचे शब्द आधीच मराठीत लावून घ्या, म्हणजे वाचताना अडखळायला होत नाही. हिल्ट म्हणजे मूठ, ब्लेड म्हणजे पातं, स्कॅबर्ड म्हणजे म्यान, मुठीपाशी हाताला वाचवणारा आडवा भाग म्हणजे परज. आपल्या भाषेत तलवारीच्या प्रत्येक अवयवाला नाव आहे, ते वापरलं की लढाईचं वर्णन डोळ्यांसमोर उभं राहतं.

पाचवी पायरी: कॉनन, पण शेवटी

लोक कॉनन या रानटी योद्ध्याच्या पुस्तकांपासून सुरुवात करतात, आणि मला ती चूक वाटते. तो या प्रांतातला सगळ्यात गुंतागुंतीचा मामला आहे.

कॉननला जन्म दिला टेक्ससमधल्या क्रॉस प्लेन्स गावच्या रॉबर्ट ई. हॉवर्ड यांनी. पहिली कथा 'वीअर्ड टेल्स' मासिकाच्या डिसेंबर १९३२ च्या अंकात आली. १९३६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, हॉवर्ड गेले. पुढे १९६० च्या दशकात एल. स्प्रेग द कॅम्प आणि लिन कार्टर यांनी त्यांच्या कथा संपादित केल्या, अर्धवट राहिलेल्या पुऱ्या केल्या, स्वतः नव्या लिहिल्या आणि कॉननचं आयुष्य जन्मापासून राज्यारोहणापर्यंत क्रमाने लावलं. फ्रँक फ्राझेटांच्या मुखपृष्ठांसह ती पुस्तकं प्रचंड खपली.

मग १९८२ मध्ये 'कॉनन द बार्बेरियन' हा सिनेमा आला. पटकथा जॉन मिलियस आणि ऑलिव्हर स्टोन यांची, दिग्दर्शन मिलियस यांचं. त्यांनी कॉननला नवं बालपण दिलं: आईबापांची डोळ्यांदेखत हत्या, गुलामी, आणि चक्राला जुंपून काढलेली वर्षं. हॉवर्ड यांच्या कॉननच्या वाट्याला असं बालपण नव्हतं. तो लोहाराचा मुलगा, रणभूमीवर जन्मलेला, आणि पोरवयातच स्वतः लढाईत उतरलेला. खलनायक थुल्सा डूम तर कल या हॉवर्ड यांच्याच दुसऱ्या नायकाचा वैरी. आणि या सिनेमाची कादंबरी लिहायचं काम आलं ते द कॅम्प आणि कार्टर यांच्याकडेच! ज्यांनी कॉननचं चरित्र वर्षानुवर्षं जुळवलं, त्यांनाच त्या चरित्राशी न जुळणारी गोष्ट लिहायची होती. मला या पुस्तकाचं सगळ्यात मोठं आकर्षण हेच आहे. पानोपानी दोन कॉनन एकमेकांना धक्के देताना दिसतात.

दुसरी अडचण शांततेची. सिनेमात नायक फार कमी बोलतो. तो चक्र ओढता ओढता पोराचा माणूस होतो ते दृश्य तर संवादाविना, बेसिल पोलेडुरिस यांच्या संगीतावर चालतं. कागदावर संगीत नाही. तेव्हा ही वर्षं लेखकांनी कशी भरली, काय विचार त्याच्या डोक्यात घातले, ते बारकाईने बघा. काही ठिकाणी मला ती भर खटकते, सिनेमातलं मौन जास्त खोल वाटतं. पण लेखकासमोरचा पेच कळायला यासारखं दुसरं पुस्तक नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी हॉवर्ड यांच्या दोन-तीन मूळ कथा (बऱ्याच ऑनलाइन मोफत वाचता येतात), मग सिनेमा, मग कादंबरी. मूळ कथांत 'द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल' घ्या. १९३४ च्या या कथेतला वेंध्या देश भारतावरून बेतलेला आहे आणि राणीचं नाव यास्मिना देवी. टेक्ससमध्ये बसलेल्या एका तरुणाने आपला विंध्य असा दूरवरून पाहिला होता, हे वाचताना गंमत वाटते आणि थोडं हलायलाही होतं.

'कॉनन द डिस्ट्रॉयर' (१९८४) ची कादंबरी रॉबर्ट जॉर्डन यांची. १९९० पासून 'द व्हील ऑफ टाइम' लिहिणारे तेच हे. त्या मालिकेचे चाहते असाल तर त्यांचा हात कुठे तयार झाला ते पाहायला वाचा. एरवी ते मागे ठेवलं तरी चालेल. २०११ मध्ये कॉननवर पुन्हा सिनेमा आला, त्याचं पुस्तक मायकेल ए. स्टॅकपोल यांचं आहे.

नंतरची पुस्तकं, थोडक्यात

'ड्रॅगनहार्ट' (१९९६) ची कादंबरी पटकथाकार चार्ल्स एडवर्ड पोग यांनी स्वतः लिहिली. पटकथाकाराला आपली गोष्ट दुसऱ्यांदा, आपल्याच हातांनी सांगता येणं दुर्मीळ, म्हणून ती वेगळी ठेवून वाचा. 'वॉरक्राफ्ट' (२०१६) चं पुस्तक क्रिस्टी गोल्डन यांचं, सिनेमामागच्या व्हिडिओ गेमचं जग आधीपासून लिहीत आलेल्या लेखिकेचं. आणि 'पॅन्स लॅबिरिंथ' हा २००६ चा सिनेमा तेरा वर्षांनी, २०१९ मध्ये, गिएर्मो देल तोरो आणि कॉर्नेलिया फुंके यांनी कादंबरीत आणला. ना पटकथेवरून घाईघाईने, ना प्रदर्शनाची तारीख डोक्यावर. आठ-दहा जुनी पुस्तकं वाचून झाल्यावर हे हातात घ्या, म्हणजे निवांत वेळ मिळाला की हाच प्रकार कसा बदलतो ते कळेल.

पहिलं पुस्तक संपलं की सिनेमा पुन्हा एकदा लावा. ते 'विलो' असेल तर तलाव येईपर्यंत थांबा. होडी पाण्यात शिरताच चित्र थांबवा, पुस्तकातलं ते पान उघडा, वाचून घ्या आणि मगच पुढे जा. पाणी पूर्वी पाहिलेलंच असेल, पण आता त्याच्या तळाशी काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेल.